‘अतिच्छथ’ : आदराचे शब्द आणि आडून दिलेला नकार

बीडहून सोलापूरकडे निघालेला महामार्ग पाली, मांजरसुंबा ही गावे मागे टाकून चौसाळ्यास येतो. वाटेवरच्या पाली गावाचे नाव वाचून आमच्यासारख्या पालि भाषेच्या अभ्यासकास जो मोह होतो तो आवरलेलाच बरा; स्थलनामांवरून इतिहास रचण्याची हौस आपल्याकडे आधीच पुष्कळ झालेली आहे. गतवर्षी वर्षावासाच्या काळात चौसाळा येथे उपासक-उपासिकांसमोर ‘विनयपिटकातील संबोधने’ या विषयावर बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपल्यावर पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्या एका तरुणाने प्रश्न केला. जपानी माणूस समोरच्यास तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही, असे त्याला वर्गात शिकविण्यात आले होते. ही सभ्यता त्या देशास बौद्ध धम्माने दिली काय, असे त्याला विचारावयाचे होते. आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच मागे बसलेल्या एका वयस्क उपासिकेने मध्येच म्हटले, “आमाला तरी तोंडावर कोण नाही म्हणतंय? बघू म्हणत्यात.” सभेत हशा पिकला.

बालाघाटच्या या पट्ट्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात. उचल वाढवून मागणाऱ्यास मुकादम ‘बघू’ म्हणतो आणि मागणाऱ्यास त्याचा अर्थ तत्क्षणी कळतो. (नवराबायकोच्या जोडीस तेथे ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. माणसाच्या संबोधनाच्या जागी त्याच्या हातातील अवजार येणे, हा संबोधनांच्या इतिहासातील एक स्वतंत्र अध्याय ठरावा.) त्या बाईंच्या एका वाक्याने आमचे व्याख्यान मागे पडले आणि प्रस्तुत लेखाचा विषय हाती आला. आदराच्या पायऱ्या आणि आडून दिलेला नकार या दोन गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून कशा चालतात, आणि पालि वाङ्मयात त्यांचा विचार कसा झाला आहे, ते येथे पाहावयाचे आहे.

प्रथम जपानचे. जपानी भाषेत आदरार्थी बोलण्यास ‘केइगो’ म्हणतात. त्याचे तीन मुख्य प्रकार परंपरेने सांगितले जातात : समोरच्यास उंच करणारे ‘सोन्केइगो’, स्वतःस खाली घेणारे ‘केन्जोगो’ आणि नुसते सौजन्याचे ‘तेइनेइगो’. २००७ साली तेथील सांस्कृतिक व्यवहार परिषदेने या तिहींचे पाच प्रकार केले. आपण मराठीत ‘ये, या, यावे’ असे क्रियापदाचे रूप बदलतो. जपानीत कित्येकदा क्रियापदच बदलते. ‘खाणे’ यास सामान्य शब्द ‘ताबेरु’. समोरचा वडीलधारा खात असेल तर ‘मेशिआगारु’. आणि त्याच्यापुढे आपण खात असू तर ‘इतादाकु’. एक भेद मात्र मराठी वाचकाने विशेष ध्यानी घ्यावा. आपल्या कचेरीतील कारकून बाहेरच्या माणसाशी बोलतानाही ‘आमचे साहेब आले आहेत’ असेच म्हणेल. जपानी कारकून बाहेरच्यापुढे स्वतःच्या साहेबाविषयी नम्रतेचे, म्हणजे खालच्या पायरीचे क्रियापद वापरतो, कारण त्या क्षणी साहेब हा ‘आतला’ आणि ऐकणारा ‘बाहेरचा’ असतो. पायरी माणसास कायमची चिकटलेली नसते. प्रसंगानुसार ती सरकते.

नकाराची तऱ्हाही अशीच. ‘चोत्तो’ म्हणजे ‘जरासे’. निमंत्रण दिल्यावर समोरचा ‘त्या दिवशी जरासे…’ एवढे म्हणून वाक्य अर्धेच सोडून देतो. उरलेले ऐकणाऱ्याने समजून घ्यावयाचे. ‘कांगाएते ओकिमासु’ म्हणजे ‘विचार करून ठेवतो’. व्यापारी बोलण्यात ‘मुझुकाशी’, म्हणजे ‘अवघड आहे’, असे उत्तर आले की बोलणे संपलेच म्हणावे. त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच देऊन टाकू. ही पद्धती धम्माने जपानला दिली असे म्हणण्यास आधार नाही. तिची मुळे तेथील दरबारी आणि दर्जाबद्ध समाजरचनेत आहेत. हे जपानी लोकांनाही ठाऊक आहे. महायुद्धानंतर, १९५२ साली, तेथील राष्ट्रभाषा परिषदेने ‘यापुढील आदरार्थी भाषा’ या विषयावर एक निवेदन प्रसिद्ध केले. आजवरची आदरार्थी भाषा उच्चनीच संबंधांवर वाढली, यापुढे ती परस्परांच्या सन्मानावर उभी राहावी आणि सोपी व्हावी, असा त्याचा आशय होता. आपले संविधान अंमलात येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. आपल्याकडे ‘अरे-तुरे’चा प्रश्न कोणत्याही सरकारी समितीपुढे कधी आला असल्याचे आमच्या वाचनात नाही.

तो यावयास हवा होता. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. खेड्यात एकीकडे ‘हुजूर’, ‘सरकार’, ‘मालक’ ही दरबारी संबोधने आणि दुसरीकडे गावकुसाबाहेरच्या माणसाच्या नावास लावलेला ‘या’ हा प्रत्यय, असे दोन टोकांचे व्याकरण एकाच गल्लीत नांदत होते. पांढऱ्या केसांच्या धोंडिबास पाटलाच्या पोराने ‘धोंड्या’ म्हणावे आणि धोंडिबाने त्या पोरास ‘मालक’ म्हणावे. ‘या’ प्रत्यय मुळात वाईट नव्हे. दोन जिवलग मित्र एकमेकांस त्यानेच हाक मारतात. अपमान प्रत्ययात नसून त्याची परतफेड करता न येण्यात आहे. ‘जोहार’ हे नमन असेच खालून वर जाणारे. चोखोबांच्या अभंगवाणीत ते आढळते आणि एकनाथांनी तर ‘जोहार’ या नावाची भारुडेच लिहिली. ‘जय भीम’ या अभिवादनाचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांस दिले जाते. त्याचे भाषिक वैशिष्ट्य असे की ‘जय भीम’ला उत्तरही ‘जय भीम’ हेच. म्हणणारा आणि ऐकणारा यांच्यात पायरीच उरत नाही. अभ्यासकांनी या साध्या गोष्टीकडे जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिलेले नाही.

आता पालि वाङ्मयाकडे वळू. ‘मिलिन्दपञ्ह’ या ग्रंथाचे नाव मराठवाड्यात घरोघरी ठाऊक आहे, कारण बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, स्थापन केलेल्या महाविद्यालयास पुढे ‘मिलिंद’ हे नाव दिले आणि परिसरास ‘नागसेनवन’. राजा मिलिंदाने संवादाची इच्छा दर्शविली तेव्हा नागसेनांनी घातलेली अट प्रसिद्ध आहे : पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात खंडन होते, प्रतिखंडन होते, पण कोणी रागावत नाही. राजाच्या वादात विरोध करणाऱ्यास दंड होतो. परंतु त्या ग्रंथाच्या आरंभी, नागसेनांच्या जन्माच्या वेळची जी एक कथा येते, तिच्याकडे सहसा कोणी थांबत नाही.

नागसेनांचे पिता सोणुत्तर हे कजंगल गावचे ब्राह्मण. रोहण नावाचे स्थविर त्यांच्या दारी सात वर्षे दहा महिने नित्य भिक्षेस जात राहिले. या काळात त्यांना पळीभर भात किंवा ओगराळेभर पेज तर सोडाच, कोणी हातही जोडले नाहीत. शिव्याशाप मात्र मिळाले. एके दिवशी घरातून शब्द आला, ‘अतिच्छथ भन्ते’. ‘अतिच्छथ’ याचा भाव ‘पुढच्या घरी मागावे’ असा. मराठीत आपण दारी आलेल्यास ‘पुढे व्हा, बाबा’ म्हणतो तेच हे. परतताना वाटेत सोणुत्तराने विचारले, “काय संन्याशा, आमच्या घरी गेला होतास काय? काही मिळाले?” स्थविर म्हणाले, “होय, मिळाले.” ब्राह्मणाने घरी जाऊन चौकशी केली. कोणी काही दिलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने स्थविरांस खोटे बोलल्याबद्दल दारातच अडविले. स्थविरांनी उत्तर दिले की इतक्या वर्षांत ‘पुढे व्हा’ एवढा शब्दही मिळाला नव्हता, तो काल मिळाला. त्यास अनुलक्षूनच आपण ‘मिळाले’ म्हणालो. ब्राह्मण प्रसन्न झाला आणि त्या दिवसापासून आपल्या अन्नातून त्यांना भिक्षा देऊ लागला.

ही कथा आम्ही विद्यार्थिदशेत वाचली तेव्हा ती क्षमाशीलतेची कथा म्हणून शिकविण्यात आली होती. आज आम्हांस तीत आणखी काही दिसते. नकार तोच राहिला, भांडे रिकामेच राहिले. तरी शिवीकडून ‘भन्ते’कडे झालेला प्रवास स्थविरांनी लाभ म्हणून मोजला. सौजन्याच्या नकारास स्वतःचे मूल्य आहे, हे पालि ग्रंथकार मान्य करतो. पण स्थविरांनी ते मूल्य तेथेच सोडून दिले नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच दारी उभे राहिले. ‘पुढे व्हा’ ऐकून ते पुढे गेलेच नाहीत, असेही म्हणता येईल.

आडून बोलण्याचे दुसरे अंग विनयपिटकात येते आणि त्याची चिकित्सा, आमच्या मते, जगातील कोणत्याही शिष्टाचारशास्त्राने लाजावे इतकी सूक्ष्म आहे. भिक्खूंच्या पाचित्तिय नियमांतील दुसरा नियम ‘ओमसवाद’, म्हणजे टोचून बोलणे, याविषयी आहे. टोचण्याची दहा साधने विभंगात सांगितली आहेत : जाती, नाव, गोत्र, काम, कला, रोग, शरीराची ठेवण, क्लेश, आपत्ती आणि शिवी. हीन मानल्या गेलेल्या जातींत चंडाल, वेण, नेसाद, रथकार व पुक्कुस यांची गणना आहे, आणि लोकांत हलकी समजली जाणारी व्यक्तिनामेही वेगळी नोंदविली आहेत. म्हणजे धोंड्या-कचऱ्याचा प्रश्न तेव्हाही होता. एखाद्या भिक्खूने दुसऱ्यास लाजविण्याच्या हेतूने ‘तू चंडाल आहेस’ म्हटले तर पाचित्तिय, हे उघडच आहे. पुढील कलमे पाहावीत. चंडाल कुळातून आलेल्यास त्याच हेतूने ‘आपण तर क्षत्रिय, आपण तर ब्राह्मण’ असे गोड शब्दांनी म्हटले तरी पाचित्तिय. कोणाचेही नाव न घेता ‘येथे काही चंडाल आहेत’ असे हवेत बोलले तर दुक्कट. इतकेच नव्हे, तर ‘आम्ही काही चंडाल नाही’ असे स्वतःविषयी बोलून ऐकणाऱ्यास टोचले तरीही दुक्कट. लेकी बोले सुने लागे, ही म्हण विनयधरांना पुरती ठाऊक होती. टोचण्याचा हेतू नसताना नुसती थट्टा केली तर तिच्यासाठी ‘दुब्भासित’ नावाची आपत्ती आहे.

येथे एक अडचण लपवून ठेवणे योग्य होणार नाही. उदानात पिलिन्दवच्छ नावाच्या स्थविरांची कथा आहे. ते सहभिक्खूंना ‘वसल’, म्हणजे हीनकुलीन, अशी हाक मारीत. भिक्खूंनी तक्रार केली. तेव्हा तथागतांनी खुलासा केला की पिलिन्दवच्छ पाचशे जन्म सतत ब्राह्मण कुळात जन्मले, त्यांच्या जिभेस ही सवय जडली आहे. त्यांच्या मनात द्वेष नाही. हेतूवर भर देणारी ही मांडणी विनयाशी सुसंगत आहे हे खरे. तथापि ज्यांच्या पिढ्यांनी ‘मनात काही नसते हो, बोलण्याची पद्धतच तशी’ हे वाक्य ऐकले आहे, त्यांना हा खुलासा पुरा पडत नाही, आणि आम्हांसही तो पडत नाही. आम्हांस त्या कथेत मोलाची वाटते ती भिक्खूंची तक्रार. संकलनकारांनी ती गाळली नाही.

‘चंडाल’ हा शब्द पुढे कोठवर गेला हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. चिनी लिप्यंतरातून तो जपानात ‘सेंदारा’ होऊन पोहोचला. तेथील बुराकु समाजातील मृतांना भिक्षूंनी द्यावयाच्या मरणोत्तर धार्मिक नावांत हा शब्द घालण्यात आला आणि थडग्यांच्या दगडांवर तो कोरला गेला. आदराच्या इतक्या पायऱ्या जपणाऱ्या भाषेत, धम्माच्याच हातून, मेलेल्या माणसास खालची पायरी देण्यात आली. १८७१ च्या फर्मानाने या समाजाची हीन संज्ञा रद्द झाली, तेव्हा लोकांनी त्यांना ‘शिन-हेइमिन’, म्हणजे ‘नवे सामान्यजन’, म्हणावयास आरंभ केला. ‘नव’ हे उपपद कोणते काम करते हे ‘नवबौद्ध’ हा शब्द सरकारी कागदांवर वागविणाऱ्या आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे या समाजाने ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापन केली आणि अपशब्द वापरणाऱ्यास सर्वांसमक्ष जाब विचारण्याचा मार्ग धरला. १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे भरलेल्या धर्म व शांतता परिषदेत सोतो संप्रदायाच्या एका पदाधिकाऱ्याने जपानात असा भेदभाव नाहीच असे सांगितले. त्यावर एवढा निषेध झाला की संप्रदायास आपल्या नोंदवह्या आणि थडगी तपासावी लागली आणि चूक कबूल करून ती नावे बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले.

पुन्हा नकाराकडे येऊ. बाबासाहेबांच्या आत्मकथनपर टिपणांची ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये प्रसिद्ध केली. तीतील बडोद्याचा प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. पारशी पथिकाश्रमातून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, तो. त्यानंतर जे घडले तिकडे मात्र कमी लक्ष जाते. निवाऱ्यासाठी ते एका हिंदू मित्राकडे गेले. मित्र सज्जन होता, त्यास वाईट वाटले, रागही आला. पण जाता जाता तो एवढेच बोलला की तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. बाबासाहेबांनी सूचना ओळखली आणि आग्रह धरला नाही. मग ते एका ख्रिस्ती मित्राकडे गेले. तो म्हणाला, पत्नी उद्या बडोद्यास येत आहे, तिला विचारावे लागेल. हे मुत्सद्देगिरीचे उत्तर होते हे त्यांना मागाहून कळले : ते दांपत्य मूळचे ब्राह्मण घराण्यातील, पती उदार झाला होता, पत्नी सोवळीच राहिली होती. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा पुरुष मग बागेत बसून राहिला आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबईस परतला.

लाठ्या घेतलेल्यांनी आणि या दोघा मित्रांनी मिळून एकच गोष्ट केली. मित्रांच्या वाक्यांत कोठेही ‘नाही’ नव्हते. पहिल्यात कर्ता नोकर होते, दुसऱ्यात पत्नी. आडून दिलेल्या नकाराचे हे व्याकरण नीट ओळखून ठेवावे : नकार देणारा स्वतः वाक्यातून बाहेर पडतो. शहरात खोली शोधणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांस आडनाव सांगितल्यानंतर मिळणारी ‘कालच दिली हो’, ‘घरात म्हातारी माणसे आहेत’, ही उत्तरे त्याच घडणीची आहेत. संशोधनाच्या काळात आम्हीही एका शहरात अशा उत्तरांचा दीड महिना अनुभव घेतला. प्रत्येक ठिकाणी चहा मात्र मिळाला. जपानी ‘चोत्तो’ ऐकणाऱ्याचा मान राखण्यासाठी असते, निदान तसे मानले जाते. येथे मान राखला जातो तो बोलणाऱ्याचा.

राज्यसंस्थाही या भाषेत पारंगत असते. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात घरे जळाली, माणसे मारली गेली, आणि ठराव अंमलात आला नाही. कोणी ‘नाही’ म्हटले नव्हते. ‘होय’ म्हटलेले कागदावर तसेच होते. पंधरा वर्षे उलटून गेल्यावर, १४ जानेवारी १९९४ रोजी, नाव दिले गेले तेही ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे. ‘नामांतर’ या शब्दाची जागा ‘नामविस्तार’ या शब्दाने घेतली होती.

शेवटी आमच्याच मेजावरची गोष्ट. चौसाळ्याच्या व्याख्यानासाठी आम्ही दोन उताऱ्यांची मराठी भाषांतरे टंकलिखित करून नेली होती. एक महावग्गातील यशाच्या प्रव्रज्येचे. यश हा वाराणसीच्या श्रेष्ठीचा पुत्र. दुसरे थेरगाथेतील सुनीताचे. सुनीत कोमेजलेली फुले, केरकचरा उचलणाऱ्या कुळातला. दोघांसही तथागतांनी बोलाविले ते एकाच शब्दाने, ‘एहि’. पालि ‘एहि’ हे एकवचनी रूप आहे आणि त्यात मराठीतल्यासारख्या आदराच्या पायऱ्या नाहीत. भाषांतरकारास मात्र ‘ये’ आणि ‘या’ यांतून निवड करावी लागते. आम्ही उतारे वाचून दाखविले. ‘बघू म्हणत्यात’ असे बोललेल्या त्याच उपासिकेने निघताना दोन्ही कागद हातात घेतले. त्यांना थोडेफार वाचता येत होते. यशाच्या कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “ह्याला ‘या’ म्हणलंय. मग त्याला ‘ये’ का वो, सर?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पालि व्याकरणाप्रमाणे दोन्हीकडे ‘ये’ करणे सोपे होते. आम्ही खिशातील पेन काढून सुनीताच्या कागदावरील ‘ये’ खोडले आणि वर ‘या’ लिहिले.